दुःख फुप्फुसात राहतं

आम्ही चौघी मेलबर्नला एका युनिटमध्ये, म्हणजे छोट्या बैठ्या फ्लॅटमध्ये, राहत होतो, आणि चौघींपैकी एकीच्याच वडिलांचा फोन आला की बाकीच्या हातातलं टाकून तिच्याजवळ येऊन बसायच्या. ती कोल्हापूरकडची होती. रविवारी दुपारी तिचे वडील फोन करायचे, ती स्पीकर लावायची, आणि ते एकेकीला विचारायचे, "काय पोरींनो, जेवला का? लई थंडी हाय म्हणं तिकडं." माझे वडील माझ्याशी बोलत नव्हते. ठरत आलेलं लग्न मोडून मी पुण्याहून निघाले होते. आई चोरून फोन करायची आणि कोणाची चाहूल लागली की मध्येच ठेवून द्यायची. रविवारी मी त्या घोळक्यात बसायचे नाही. सिंकमधली भांडी घासत उभी राहायचे, नळ मोठा सोडून.

तेव्हा मेलबर्नला विद्यार्थ्यांची नुसती रीघ लागली होती. सिटीत चपलांच्या दुकानावर, प्रवाशांच्या लॉजखाली, जिथे दोन खोल्या मोकळ्या होत्या तिथे कॉलेज निघालं होतं. इंजिनियर झालेली मुलं कुकरी शिकत होती, बीकॉम झालेल्या मुली केस कापायला शिकत होत्या, कारण त्या कोर्सनंतर पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळायची. वर्गात कोणी काही शिकतंय की नाही याच्याशी फारसं कोणाला घेणं नव्हतं. हजेरी मात्र लागायची. हजेरी कमी पडली की कॉलेज इमिग्रेशनला कळवायचं आणि व्हिसा जायचा. आम्ही चौघीही अशाच एका कॉलेजात होतो. मी एका विषयात दोनदा नापास झाले होते. कोल्हापूरची सगळ्यात पास होती.

मला नोकरी मिळाली ती एका चिनी वैद्यबाईंच्या क्लिनिकमध्ये, रिसेप्शनवर. डॉक्टर साठीच्या होत्या, ठेंगण्या, करड्या केसांच्या. त्यांचं इंग्रजी इतकं तुटक होतं की सुरुवातीला मला दहातले चार शब्द कळायचे. दोन महिन्यांनी दहाच्या दहा कळायला लागले, आणि मग पेशंटना मीच समजावून सांगायला लागले. बाकीचं काम म्हणजे फायली काढणं, टॉवेल धुणं आणि पेशंट उठला की त्याच्या अंगातून काढलेल्या ॲक्युपंक्चरच्या सुया मोजणं. लावल्या असतील तितक्या परत आल्या पाहिजेत. एखादी अंगात राहिली तर घात व्हायचा.

पेशंट नसले की डॉक्टर मला शिकवायच्या. प्रत्येक भावनेचं शरीरात एक घर असतं, म्हणायच्या. राग यकृतात, भीती मूत्रपिंडात, सारखा विचार करत राहिलं की प्लीहा बिघडते, आनंदाचं घर हृदय, आणि दुःख फुप्फुसात राहतं. यातलं कुठलंच वाईट नाही. पण एक साचून राहिलं की त्याचं घर नासायला लागतं, आणि मग शेजारचंही नासतं. जिभेच्या कडांवर दातांचे वळ दिसले तर माणूस विचार करकरून थकलेला आहे. जिभेच्या बाजू लालबुंद असतील तर आतल्या आत चिडलेला आहे.

मी हे डोळ्यांनी बघत होते. एक धिप्पाड ऑस्ट्रेलियन बिल्डर यायचा, डोकं फुटतंय म्हणून. डॉक्टरांनी मनगटावर तीन बोटं ठेवली आणि विचारलं, "घरात कोणावर रागावला आहेस?" तो म्हणाला, "नो वरीज, ऑल गुड." डॉक्टरांनी दोन्ही पायांच्या अंगठ्यांशेजारी सुया लावल्या आणि खोलीचं दार ओढून घेतलं. पंधरा मिनिटांनी मी आत गेले तर तो छताकडे बघत ढसाढसा रडत होता. बायको मुलांना घेऊन निघून गेली होती.

एकदा डॉक्टरांनी सांगितलं की एका भावनेला दुसरी भावना आवरते. रागावर दुःखाचा इलाज चालतो, दुःखावर आनंदाचा, आणि फार विचार करणाऱ्याला मुद्दाम चिडवलं तर तो मोकळा होतो. जुने वैद्य असे उपाय करायचे. मी विचारलं, "मग आपण का नाही करत?" त्या म्हणाल्या, "करणाऱ्याला त्यात मजा वाटायला लागली की संपलं. फार थोड्या लोकांना जमतं."

मी त्या संध्याकाळपासून घरी सुरुवात केली.

आधी ती गंमतच होती. जेवणाच्या टेबलाशी एकेकीला जीभ काढायला लावायची. नाशिकच्या मुलीला सांगितलं, तुझी प्लीहा बिघडली आहे, तू बॉयफ्रेंडचा विचार करणं बंद कर. सगळ्या हसल्या, पण दोन दिवसांनी ती एकटीच माझ्या खोलीत येऊन विचारायला लागली की अजून काय दिसलं. दुसरी मुंबईची. तिला सांगितलं, तुझ्या मूत्रपिंडात भीती आहे. तिने घाबरून विचारलं, "कसली?" मला काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "ते तुझं तुलाच माहीत." ती रडली आणि तिने एक गोष्ट सांगितली, जी तिने कोणालाच सांगितली नव्हती. मी तिचा हात धरून बसले. तोवर त्या घरात मला कोणी विचारत नव्हतं. आता विचारायला लागल्या.

कोल्हापूरची मात्र जीभ दाखवायची नाही. "मला काय झालंय? मी बरा हाय की," म्हणायची. तिच्याकडे बाया स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो', 'मी करतो' म्हणतात. पहिल्या आठवड्यात त्यावर सगळ्यांत जास्त मीच हसले होते, आणि तिला 'दादा' म्हणायची टूमही माझीच होती. ती चिडली नाही. ती हसली, आणि पुढच्या रविवारी वडिलांना फोनवर सांगितलं, "बाबा, हितं मला दादा म्हणत्यात." ते म्हणाले, "म्हणू दे की. घरात एक दादा पायजेच."

त्यांना हार्ट अटॅक आला तो एका मंगळवारी. ती कॉलेजातून आली आणि मोबाइलवर काकांचे बारा मिस्ड कॉल होते. काकांनी सांगितलं, बाबा गेले, पण येऊ नको, तू येईपर्यंत सगळं उरकलेलं असेल. पोरगी शिकावी ही त्यांची इच्छा होती, तर परीक्षा दे. ती मोबाइल हातात धरून सोफ्यावर बसून राहिली. नाशिकची आणि मुंबईची तिला मिठी मारून हमसून रडत होत्या. मी दारात उभी होते. तेव्हा मला जे वाटलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला हलकं वाटलं. आता रविवारी दुपारी या घरात कोणाच्याच वडिलांचा फोन येणार नाही, हे माझ्या मनात सगळ्यात आधी आलं.

ती रडली नाही. तिसऱ्या दिवशी कॉलेजला गेली. पंधरवड्याने खोकायला लागली.

कोरडा, ढास लागल्यासारखा खोकला होता. आधी तिने मध-आलं घेतलं, मग केमिस्टकडचं औषध. दीड महिना झाला तरी थांबेना. आम्ही जेवत असताना ती तोंडावर ओढणी धरून उठून जायची आणि परत येऊन बसायची. एक दिवस ती अशीच परत आली तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझ्या वडिलांचं दुःख तुझ्या फुप्फुसात साचलंय. तू रडली नाहीस ना, ते आत सडतंय."

मुंबईची म्हणाली, "अगं, असं काय बोलतेस!"

मी म्हटलं, "खरं ते बोलले. विचार हवं तर आमच्या डॉक्टरांना."

कोल्हापूरच्या मुलीने घास खाली ठेवला. "मी रडतो की," ती म्हणाली. "पण येतच न्हाई रडू. काय करू?"

मग मी तिला रडवायचं ठरवलं. युनिटच्या मागे अंगण होतं, कपडे वाळत घालायची लोखंडी छत्री होती आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. रोज आर्वोला, म्हणजे दुपारनंतर, माझी शिफ्ट नसली की मी तिला तिथे बसवायचे आणि प्रश्न विचारायचे. ती मुकाट्याने उत्तरं द्यायची. तिचा माझ्यावर विश्वास बसला होता.

"वडिलांशी शेवटचं कोण बोललं?"

"आई."

"तुझं नाव काढलं का त्यांनी?"

"ठाऊक न्हाई. कसं विचारायचं आईला?"

"अग्नी कोणी दिला?"

"चुलतभावानं."

"तू त्यांची एकुलती एक ना? मग ते गेले तेव्हा तू कुठे होतीस?"

"क्लासात," ती म्हणाली. "हजेरी चालली होती." आणि रडायला लागली. रडता रडता खोकायला लागली, आणि मग खोकताच येईना इतकी वाकली. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. मला समाधान वाटलं. वाटलं, इलाज लागू पडतोय. ही एक खोटी गोष्ट मी स्वतःला सांगत होते. इलाजाचं समाधान नव्हतंच ते. तिच्याकडे जे होतं आणि माझ्याकडे नव्हतं, ते मी रोज थोडं थोडं तिच्यातून काढून घेत होते आणि वर ती मला थँक यू म्हणत होती.

तीन आठवडे हे चाललं. ती वाळत गेली. शेवटी तीच म्हणाली, "तुझ्या डॉक्टरीणबाईंना दाखवू या का एकदा?" मला तिला न्यायचं नव्हतं. पण नाही म्हणायला कारणही नव्हतं.

डॉक्टरांनी नाडी धरली, जीभ बघितली. मग मला एकेक प्रश्न विचारायला सांगितले. खोकला किती दिवस? सव्वादोन महिने. रात्री घाम येतो? येतो, उशी भिजते. वजन? कपडे सैल झालेत. संध्याकाळी अंग तापतं? तापतं. प्रत्येक उत्तराबरोबर डॉक्टरांचा चेहरा घट्ट होत गेला. मी मध्येच म्हटलं, "डॉक्टर, तिचे वडील वारले. दुःख आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मनगटावरची बोटं उचलली आणि म्हणाल्या, "हे माझं काम नाही. हॉस्पिटल. एक्स-रे. आज, नाहीतर उद्या सकाळी. तिच्या भाषेत नीट सांग. घाबरवू नकोस." बाजूच्या खोलीत दुसऱ्या पेशंटला सुया लावलेल्या होत्या, म्हणून त्या उठून गेल्या.

आम्ही दोघीच उरलो. तिने विचारलं, "काय म्हणाल्या?"

मी म्हटलं, "म्हणाल्या, तू अजून पुरतं रडलेली नाहीस. अजून महिनाभर रड. जाईल आपोआप."

असं का सांगितलं, याची उत्तरं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. मी लहान होते, घाबरले होते, मला गांभीर्य कळलं नाही. पण मी चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळलं होतं. डॉक्टरांनी एका वाक्यात मला घरात मिळालेल्या मानाच्या खुर्चीवरून उठवलं होतं. उद्या ही हॉस्पिटलला गेली की सगळ्यांना कळलं असतं की माझं सांगणं फोल होतं, आणि पुन्हा सगळ्या हिच्याभोवती बसल्या असत्या. तेवढं मला नको होतं, बस.

ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "बरं. तू म्हणतीस तर तसं."

त्यानंतर साडेपाच आठवडे. ती कॉलेजला गेली, शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा तिने खोकत खोकत दिली. अंगणातल्या खुर्च्यांवर आम्ही बसत राहिलो. आता तर डॉक्टरांच्या नावाने. तिच्याजवळ रडायला ताकद उरली नव्हती, तेव्हा मी म्हणायचे, "प्रयत्न कर." एका शनिवारी सकाळी ती तांदूळ धूत होती आणि खोकल्याबरोबर सिंकमध्ये रक्त पडलं. चमचाभर नाही, ओंजळभर. तांदळाचं पाणी लाल झालं. नाशिकच्या मुलीने ॲम्ब्युलन्स बोलावली. मी स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

टीबी होता. डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग कामातून गेला होता. हॉस्पिटलच्या नर्सने आम्हा तिघींना बोलावून हातावर टेस्ट केली, एक्स-रे काढले. तिघींनाही आजार नव्हता. मला आणि मुंबईच्या मुलीला मात्र खबरदारी म्हणून काही महिने गोळ्या दिल्या. त्या संध्याकाळी मुंबईची म्हणाली, "आपल्यात इतके दिवस राहिली आणि सांगितलं नाही. किती सेल्फिश असावं माणसाने!" नाशिकचीने मान हलवली. मी गप्प राहिले, आणि माझं गप्प राहणं म्हणजे दुजोरा होता. तिची ताटं, पेला, चादरी काळ्या पिशवीत भरल्या. गादी आम्ही तिघींनी उचलून रस्त्याकडेच्या गवतावर नेऊन टाकली. एक टोक माझ्या हातात होतं. गादीखाली तिच्या वडिलांचा फोटो निघाला. तोही मुंबईचीने हातमोजा घालून पिशवीत टाकला. मी बघितलं आणि पिशवीला गाठ मारली. तिला फोनवर कळवलं की खोली दुसऱ्या मुलीला दिली आहे. ती म्हणाली, "बरं केलंत. तुमाला कुणाला न्हाई ना झालं काय?"

सोमवारी मी क्लिनिकला गेले. आरोग्य खात्याच्या नर्सचा फोन तिथेही आला होता, कारण तिने आपण कुठे कुठे गेलो ते सगळं सांगितलं होतं. डॉक्टर माझी वाट बघत होत्या. पहिला पेशंट यायला वेळ होता.

"मी एक्स-रे सांगितला होता. तू तिला सांगितलंस?"

"हो."

"ती काय म्हणाली?"

"जाते म्हणाली."

त्यांनी हात पुढे केला. मला कळेना. मग कळलं, आणि मी मनगट पुढे केलं. तीन बोटं ठेवून त्या डोळे मिटून बसल्या. डावा हात, मग उजवा. इतका वेळ त्यांनी कोणाचीच नाडी धरलेली मी पाहिली नव्हती. मी वाट बघत होते की आता त्या सांगतील, कुठे काय सडलंय. मला ते ऐकायचं होतं, असंही वाटतं.

"नाडी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "यकृत, फुप्फुस, हृदय, सगळं चांगलं. झोप लागते?"

"लागते."

"जेवण?"

"जातं."

त्यांनी माझा हात माझ्या मांडीवर परत ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. "उद्यापासून येऊ नकोस," म्हणाल्या, आणि आत जाऊन स्वतः टॉवेल घड्या करायला लागल्या.

कोल्हापूरची मुलगी सहा महिने गोळ्या घेऊन बरी झाली. पास झाल्याचं सर्टिफिकेट घेऊन ती कोल्हापूरला परत गेली, कारण उभं राहून नोकरी करण्याइतका दम तिच्यात उरला नव्हता. विमानतळावर आम्ही कोणी गेलो नाही. मला पुढे पीआर मिळाली. अकाउंट्समध्ये नोकरी लागली, एकटीने घर घेतलं. वडील शेवटपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, आणि ते वारले तेव्हा मीही पुण्याला गेले नाही. खोकला बिकला काही झाला नाही मला.

कितीतरी वर्षांनी मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरातल्या एका इंडियन ग्रोसरीत मी शेंगदाण्याची पिशवी उचलत असताना मागून हाक आली. ती होती. अंगाने भरलेली, केसात थोडं पांढरं. नवऱ्याच्या स्किल्ड व्हिसावर ते परत आले होते, दोन गल्ल्या पलीकडे राहत होते. मला वाटलं, ती थोबाडीत मारेल. तिने मिठी मारली. मारताना तिचा श्वास माझ्या कानाशी वाजत होता, जिना चढून आल्यासारखा, आणि ती तर नुसती उभी होती.

त्याच रविवारी तिने जेवायला बोलावलं. मी सगळं सांगून टाकायचं ठरवून गेले. ताटं वाढल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "हिनंच वाचवलं बघा मला."

मी म्हटलं, "मी? काय वाचवलं?"

"आता का लाजतीस? डॉक्टरीणबाई एक्स-रे म्हणाल्या, हॉस्पिटल म्हणाल्या. तेवढं कळतंय की मला, एक्स-रे काय चिनी शब्द हाय व्हय? तू मला तसं सांगितलंच न्हाईस. मला कळलं, हिला माझ्या परीक्षेची काळजी हाय. टीबी निघाला तर व्हिसा काढून घेतील, हजेरी बुडंल, म्हणून खोटं बोलली. मग मी पण न्हाई गेलो. साडेपाच आठवड्यात पेपर झाले. ते सर्टिफिकेट होतं म्हणून तर ह्यांच्यासंगं व्हिसाला माझेबी पॉइंट धरले."

नवरा इंजिनियर, गप्प स्वभावाचा माणूस. त्याने मला हात जोडले.

"पण तुझं फुप्फुस..." मी म्हटलं.

"त्याचं काय. एका बाजूवर चालतंय." तिने मला आमटी वाढली. "आणि त्या अंगणात तू मला रोज रडवायचीस न्हवं? बाबा गेले त्यावर दुसरं कुणी माझ्याशी एक शब्द बोललं न्हवतं. सगळे गप बसायचे. तू एकटीच इच्चारायचीस त्यांचं."

त्यांची आठ वर्षांची मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. "सो यू आर द लेडी हू सेव्ह्ड मम?" तिने विचारलं.

तोंडात घास होता. तो गिळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ माझ्याकडे होता. समोर तिघंही माझ्याकडे बघत होते. खरं सांगितलं असतं तर तिच्याकडे काय उरलं असतं, हा विचार मी केला, असं मला म्हणता येईल. तो मी घरी आल्यावर केला. टेबलाशी मला फक्त एवढंच वाटत होतं की त्या घरात सगळे माझ्याभोवती बसले आहेत.

"येस," मी म्हटलं.

आता सणावाराला मी तिथेच असते. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर, आईवडील फोनला लागले नाहीत तर कोणाला कळवायचं, त्या रकान्यात तिने माझा नंबर दिला आहे. नात्यापुढे मावशी लिहिलंय. फॉर्म भरताना तिने विचारलं, "चालंल न्हवं?" मी म्हटलं, चालेल.